नानांचा कॅमेरा

मालवण,
रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की नव्या घराच्या हॉलसाठी नानांचा मोठा कॅमेरा हवाय, इंटिरियरवाला त्याचा झकास दिवा करून देणार आहे. मी 'बघू' म्हणून विषय टाळला, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. कॅमेरा तुलाच द्यायचा आहे, त्यात मला आणि आईला दुमत नाही. पण दिवा करायला देणार नाही. गणपती उरकल्यापासून मी तो उघडून बसलो होतो आणि आता त्यातून फोटो निघतो. चालती वस्तू आहे, बाळा.

दिवा करायचा म्हणजे काय करतात ते मी नीट चौकशी करून बघितलं. शटरचा आतला पडदा काढून टाकतात आणि वायर न्यायला लाकडाला भोक पाडतात. असा पडदा आता कुठल्या कारखान्यात होत नाही आणि भोक पाडलेली महागनी पुन्हा सांधत नाही. म्हणून ती वस्तू नक्की काय आहे ते आधी वाच, मग तूच ठरव.

याचं नाव स्पीड ग्राफिक. अमेरिकेत रोचेस्टरच्या, पुढे ग्राफ्लेक्स नाव घेतलेल्या कंपनीने १९१२ साली हे नाव बाजारात आणलं आणि १९७३ पर्यंत ते टिकलं. मधली कितीतरी वर्षं वृत्तपत्राचा फोटोग्राफर म्हटलं की हाच कॅमेरा डोळ्यांसमोर यायचा. आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, त्यांच्याही हातात स्पीड ग्राफिक असे. फिल्म रोलची नाही, चार बाय पाच इंचांची सुटी शीट. एका होल्डरमध्ये दोन शीट, पुढे एक आणि मागे एक. म्हणजे मोर्चाच्या गर्दीत नानांना दर फोटोनंतर होल्डर उलटावा किंवा बदलावा लागे. कोयनेच्या भूकंपाला, डिसेंबर १९६७ मध्ये, बरोबरचे लोक छोटे कॅमेरे घेऊन पळत होते तेव्हाही नानांनी हाच नेला होता. पडलेल्या घरांच्या त्या निगेटिव्ह माझ्या कपाटात आहेत. एकेका दगडाची कड मोजता येते त्यांत.

आपलं मॉडेल ॲनिव्हर्सरी, चाळिशीच्या दशकातलं. नानांनी ते मुंबईत जुनंच घेतलं होतं. लेन्स कोडॅकची एक्टार, १२७ मिलिमीटर. तिच्या कडेवर नंबराआधी ई आणि ओ ही दोन अक्षरं आहेत. कोडॅकने कॅमेरॉसिटी (CAMEROSITY) या शब्दाची दहा अक्षरं एक ते नऊ आणि शून्य अशी लावून लेन्सवर साल लिहून ठेवलं होतं. ई म्हणजे चार, ओ म्हणजे सहा. आपली लेन्स १९४६ ची, माझ्याहून वयाने मोठी.

आता दुरुस्तीचं. कातड्याला कोपऱ्यांवर पोपडे सुटले होते, ते मी फक्त चिकटवले. नवं कातडं चढवलं नाही, धातूचे भाग पॉलिश केले नाहीत. डाव्या हाताच्या पट्ट्याखाली कातडं पार गुळगुळीत झालंय, ते नानांच्या तळहाताने झालंय. चालायला जेवढं लागतं तेवढंच करायचं, दिसण्यासाठी काही करायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली कातड्याची घडीची नळी, तपासायला रात्री सगळे दिवे मालवले आणि टॉर्च आत ठेवला. घड्यांच्या कोपऱ्यांवर उजेडाचे बारीक ठिपके दिसले. मधला भाग शाबूत होता, कारण कातडं झिजतं ते दुमडीच्या टोकालाच. आतून काळा फॅब्रिक कलर पातळ हाताने लावला. जाड थर दिला तर भाता मिटत नाही आणि पुन्हा त्याच जागी फाटतो.

खरा जीव आहे तो मागच्या पडद्यात. बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांना लेन्समध्येच शटर असतं. याला ते आहेच, शिवाय फिल्मच्या अगदी पुढ्यात रबर चढवलेल्या काळ्या कापडाचा लांब पडदा आहे, दोन रुळांवर गुंडाळलेला. त्यात चार फटी: दीड इंच, पाऊण इंच, तीन अष्टमांश आणि एक अष्टमांश. स्प्रिंगचा ताण एक ते सहा. चार गुणिले सहा, असे चोवीस वेग होतात, सेकंदाच्या दहाव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत. कुठली फट आणि किती ताण म्हणजे कोणता वेग, त्याचा छोटा धातूचा तक्ता अंगावरच ठोकलाय. दाबलं की फट वरून खाली फिल्मवरून धावते. हजाराव्या भागाला फिल्मचा प्रत्येक बिंदू तेवढाच वेळ उघडा राहतो, पण फटीला वरून खाली जायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे समोरून आडवी, भरधाव जाणारी एस.टी. टिपलीस तर ती फोटोत तिरकी दिसेल. गाडीचा वेग त्या तिरकेपणात दिसतो, म्हणून मला तो फार आवडतो.

हा पडदा मध्येच अडकत होता. कापड अजून मऊ आहे हे बघून जिवात जीव आला, कारण ते कडक होऊन तडकलं असतं तर सगळंच संपलं असतं. दोष रुळांच्या टोकांना होता. तिथलं ग्रीस वाळून मेणचट झालं होतं. लायटरच्या पेट्रोलने ते काढलं, सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल दिलं आणि कितीतरी दिवस सर्वात कमी ताणावर पडदा नुसता वरखाली चालवला. एकदम सहावर ताणला असता तर स्प्रिंग गेली असती. इथल्या पॉलिटेक्निकच्या एका पोराने उजेड ओळखणारा फोटोडायोड लावून वेग मोजून दिले. तक्त्यावरचा हजारावा भाग प्रत्यक्षात जेमतेम पाचशेवा भरतो. तो आणखी ताणून दुरुस्त करायचा नाही. खरे वेग मी कागदावर लिहून होल्डरच्या पेटीत ठेवलेत, ते बघून लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते ठरवायचं.

लेन्समधलं शटर मी घड्याळवाल्या काकांकडे नेलं. एका सेकंदाला लावलं की ते उघडंच राहायचं. सावकाश वेगांसाठी आत दातेरी चाकांची गाडी असते, तत्त्व घड्याळाचंच. काकांनी ती धुऊन दिली आणि पात्यांना तेलाचा थेंबही लागू दिला नाही. फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं येतात. आता एका सेकंदाला पाती उघडी दिसतात ती जवळजवळ तेवढीच चित्रं.

काचेवर मात्र बुरशी होती. कोकणातल्या पावसाळ्यात कातडी पेटीत बंद ठेवलेली लेन्स वाचत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवर पसरतात आणि त्यातून निघणारं आम्ल वरचा लेप खातं, मग काचही. पुढचा आणि मागचा भाग हातानेच फिरवून निघाला. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया सारख्या प्रमाणात घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून, कापसाच्या बोळ्याने अजिबात न दाबता पुसलं. तंतू गेले, पण कडेला एक फिकट ओरखडा राहिलाय. बुरशीने लेप खाल्ल्याची ती खूण आहे. फोटोत ती दिसत नाही, घासू नकोस.

रेंजफाइंडर, म्हणजे अंतर बघून फोकस लावायचं साधन, जुळवायला फार वेळ गेला नाही. क्षितिजावरच्या ट्रॉलरवर मागच्या दुधी काचेत फोकस घेतला आणि त्याच्याशी बाजूचा स्क्रू जुळवला.

पहिली चाचणी खऱ्या फिल्मवर घेतली नाही, ती महाग पडते. कुडाळहून एक्स-रेची फिल्म आणली आणि न्हाणीघरात लाल दिव्याखाली कापली. तिला लाल रंग दिसत नाही म्हणून हे जमतं. दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा लेप, असतो, नखाचाही चरा पडतो, पण शिकायला तीच बरी. विहिरीचं पाणी सुद्धा डेव्हलपरला गरम पडतं, वीस अंश हवेत, म्हणून ट्रे बर्फाच्या परातीत ठेवला.

मग सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला निम्मी वाडी जमली होती. मी तिकाटणं लावून काळ्या कापडाखाली शिरलो. दुधी काचेवर सगळं उलटं, समुद्र वर आणि माणसं खाली, दोरखंड ओढणारी. एक म्हातारे जवळ येऊन म्हणाले, "ह्यो कॅमेरो अजून चलता?" त्यांना आत बघू दिलं. मग ते दोरखंड सोडून दुसऱ्यांनाही हाका मारू लागले. निगेटिव्ह धुतली तेव्हा ओल्या दोराचा पीळ न् पीळ दिसला, आणि मागच्या जांभ्याच्या गडग्याचे चिरे प्रिंटमध्ये काळे कुळकुळीत आले. लाल न दिसणाऱ्या फिल्मचा हा गुण. आईने तो फोटो मागून घेतला आणि देवघराशेजारी लावला.

तर तुझ्या हॉलमध्ये तो खुशाल ठेव, पण उघड्या फळीवर, हवा लागेल असा. कातड्याच्या पेटीत कोंडू नकोस. ठेवताना पडद्याचा ताण उतरवून ठेव. महिन्यातून एकदा सगळे वेग रिकामे वाजवत जा. आणि दिवा हवाच असेल तर सावंतवाडीहून लाखकामाचा सुंदर दिवा मी स्वतः आणून देतो.

नाताळच्या सुट्टीत घेऊन जायला ये. हवा कोरडी असते आणि रापणही चालू असते. दोन दिवस जास्त काढ, लोड करण्यापासून धुण्यापर्यंत सगळं तुझ्या हातून व्हायला हवं. पुण्यात एचपी फाइव्ह या काळ्यापांढऱ्या फिल्मची चार बाय पाचची पेटी मिळाली तर आण, पैसे मी देईन.

तुझा,
बाबा

ता. क. पाकिटात नानांची मुदत संपलेली एक फिल्म आणि एक होल्डर ठेवलाय. रोज डोळे मिटून भरायचा सराव कर. शीट उभी धर. कडेच्या खाचा वर उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या की इमल्शन तुझ्याकडे आहे. डार्क स्लाइडची, म्हणजे होल्डरच्या सरकत्या झाकणाची, पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो काढून झालेला. पांढऱ्या बाजूला उंचवटे आहेत, अंधारात ते चाचपून कळतात.