मेणवलीच्या घाटावरच्या आत्यांना थँक्यू

आत्या, त्या दिवशी तुम्हाला काहीच बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर घाटावरच रडले असते. म्हणून आता लिहितेय.

आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी आपापली पोरं घेऊन पुण्याहून वाईला आलो, ढोल्या गणपती करून मेणवलीला कृष्णेवर. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हाची ती पोर्तुगीज घंटा बघून झाली, पोरं पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून भेळ खात बसली, आणि तुम्ही, आमच्या मैत्रिणीच्या आत्या, कापडी पिशवीतून विंदांचं 'एटू लोकांचा देश' काढलंत. काय वाचता हो तुम्ही! त्या उलट्या-सुलट्या देशातली एकेक गंमत ऐकून पोरं अक्षरशः लोळत होती (आम्हीही).

मग तुम्ही म्हणालात, आता तुम्ही वाचा एकेक कडवं. माझी लेक स्वतःहून उठली आणि माझ्या पोटात गोळा आला. ती बोलताना अडखळते. गेल्या गॅदरिंगला शाळेने तिच्या दोन ओळी काढून घेतल्या, का तर बाकीच्यांचा ठेका बिघडतो, आणि तिला झाड करून मागे उभं केलं. कवितेच्या कार्यक्रमात झाड! वर आम्हालाच ऐकवलं, पुढच्या वर्षी बघू.

तर ती पहिल्याच अक्षराला अडकली. शेजारचा मुलगा शब्द सांगायला गेला, तुम्ही नुसता त्याच्या मांडीवर हात ठेवलात. 'सावकाश बोल बाळा' नाही, कीव नाही, पुस्तकात बघत गुडघ्यावर हलकेच ताल धरून बसलात जणू तुम्हाला कुठे जायचंच नाहीये. शब्द आला. आणि तुम्ही शाब्बासबिब्बास काही न म्हणता फक्त म्हणालात, "पुढे?"

त्या 'पुढे?'साठी हे सगळं पत्र आहे आत्या.

स्पीच थेरपिस्ट आम्हाला कधीपासून सांगतायत, शब्द तोंडात देऊ नका, थांबा, सगळ्यांनी मिळून तालात म्हटलं की अडखळणं कमी होतं. पण लोकांना थांबवतच नाही हो, नातेवाईक काय नि टीचर काय. तुम्हाला हे कुणी शिकवलंही नसेल. काही माणसांना समोरच्याची लाज राखायचं आपसूक कळतं, बाकीच्यांना डिग्र्या घेऊनही नाही.

आता ती रोज रात्री बाबाला समोर बसवून वाचून दाखवते, तो मध्ये बोलला की त्याच्या मांडीवर हात ठेवते. थंडीत पुन्हा घाटावर जमायचं चाललंय. भेळ आमच्याकडून, तुम्ही फक्त पिशवी आणा.