दस्त लिहिणार कोण? ग्रीक शिकवणाऱ्या सरांना पत्र

आदरणीय सर,

सप्रेम सलाम.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "चहा झाला का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या मुलांनीही वाचावं. त्यांच्यातल्याच एकामुळे मी तुमच्या दारात आले होते.

गणपतीच्या सुट्टीत नगरला आलेला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. रविवारच्या वर्गात उभा राहून म्हणाला, "काकू, मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावं मागाहून चिकटवलेली आहेत. आत लेखकाचं नावच नाही." येशूच्या जीवनाची चार पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं, या चौघांच्या नावांवर आहेत. मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून मथळ्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? योहानकृत शुभवर्तमान. कृत म्हणजे केलेलं." तो शांतपणे म्हणाला, "पण मथळा कोणी लिहिला, काकू?" बाकीची मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी प्रार्थना घेतली आणि वर्ग दहा मिनिटं आधीच सोडला.

घरी भाकरी थापताना त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते. पाळकसाहेबांना फोन केला, तर त्यांनी तुमचा नंबर दिला. म्हणाले, "सर गोड बोलणार नाहीत, पण खरं सांगतील." मला एक ओळ हवी होती, पोरांच्या तोंडावर फेकता येईल अशी. तुम्ही पाच गुरुवार घेतलेत.

पहिल्याच गुरुवारी तुम्ही त्या मुलाची बाजू घेतलीत, याचा मला केवढा राग आला होता! चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखक स्वतःचं नाव घेत नाही, हे तुम्ही मला माझ्याच पुस्तकातून दाखवलंत. लूक सुरुवातीला 'मलाही योग्य वाटलं' म्हणतो, पण हा 'मी' कोण ते सांगत नाही. योहानाच्या शेवटी 'तो हा शिष्य' येतो, तोही बिननावाचा. मग तुम्ही माझ्या त्या 'कृत'ला हात घातलात. ग्रीक मथळ्यात शब्द आहे 'कता'. 'कता मार्कोन', म्हणजे मार्कप्रमाणे, मार्कच्या सांगण्यानुसार. शुभवर्तमान एकच, सांगणारे चौघे. आपल्या मराठी 'कृत'मध्ये जेवढी मालकी आहे तेवढी त्या 'कता'त नाही. केडगावात बसून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, हे मी शाळेत असल्यापासून अभिमानाने सांगत आले. मूळ भाषेतला एक शब्द एवढा फरक करतो, हे मात्र त्या दिवशी कळलं.

मी हिरमुसले तेव्हा तुम्ही भलतंच विचारलंत. "तुमचे वडील काय करायचे?"

सर, या प्रश्नासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. अण्णा दस्तलेखक होते. रजिस्ट्रार कचेरीबाहेर पत्र्याचं टेबल, शाईची दौत, स्टॅम्पपेपर आणि अंगठ्याचं पॅड. "दस्तात नावं किती?" तुम्ही विचारलंत. मी पाढ्यासारखं म्हटलं, लिहून देणार, लिहून घेणार, दोन साक्षीदार, तळाला दस्त लिहिणार. "दस्त कोणाचा?" लिहून देणाराचा. "अक्षर कोणाचं?" अण्णांचं. तेव्हा तुम्ही रोमकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पाठवलेल्या पत्राचा, सोळावा अध्याय उघडलात आणि बाविसाव्या ओवीवर पेन्सिल टेकवलीत. हे पत्र लिहिणारा मी तर्तिय, तुम्हांला सलाम सांगतो. चाळीस वर्षं मी ती ओवी सलामांच्या यादीत वाचून पुढे गेले होते. पत्र पौलाचं आणि अक्षर तर्तियाचं! आपल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबा 'लेखकु जाहला' आहेत, तसाच हा.

त्यानंतर तुम्ही गलतीकरांस पत्राचा शेवट दाखवलात. तिथे पौल लेखनिकाच्या हातून लेखणी घेतो आणि म्हणतो, बघा, मी स्वतःच्या हाताने किती मोठ्या अक्षरांत लिहितो आहे. आणि फिलेमोनाच्या पत्रात तर, 'मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन'. अनेसिम नावाच्या दासाने काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं आधी सांगून ही ओळ. अण्णा असते तर म्हणाले असते, ही तर प्रॉमिसरी नोट, फक्त तिकीट लावायचं राहिलंय. पौलाच्या नावाची तेरा पत्रं आहेत. त्यांतली रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला, ही सात त्याचीच, हे देवावर विश्वास नसलेले अभ्यासकही आज जवळपास एकमुखाने मानतात. उरलेल्या सहांवर वाद आहे. हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मला घाबरायला वेळच मिळाला नाही.

तिसरा गुरुवार मात्र माझा. तुम्ही पी-७५ या पपायरसवरच्या जुन्या ग्रीक पोथीच्या एका पानाचा मोठा फोटो टेबलावर पसरलात आणि हातात भिंग दिलंत. इजिप्तमध्ये सापडलेली ही पोथी आता व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. बहुतेक जण ती तिसऱ्या शतकातली मानतात, काही जण चौथ्या. त्या पानावर लूक संपतो आणि थोडी मोकळी जागा सोडून लगेच योहान सुरू होतो. तुम्ही अक्षरं लावायला शिकवलीत. काप्पा, आल्फा, ताव, आल्फा. कता. मग लाम्दा. 'लूकप्रमाणे शुभवर्तमान.' आणि खाली, 'योहानप्रमाणे शुभवर्तमान.' कडा कुरतडल्यासारख्या, पण ओळी सरळ, अक्षर नेटकं. कोणा लेखनिकाने हात आवरून लिहिलेलं. अण्णांचं अक्षर असंच होतं.

तिथून तुम्ही पुराव्याला लागलात. ज्या पोथ्यांत मथळा शिल्लक आहे, तिथे प्रत्येक पुस्तकाला तेच नाव आहे. मार्कचं पुस्तक एखाद्या गावी आंद्रियाच्या नावावर खपलंय, असं कुठेही नाही. पुस्तकं शंभर वर्षं निनावी फिरली असती, तर अंत्युखियात एक नाव, रोमात दुसरं, इजिप्तमध्ये तिसरं, असा घोळ झाला असता. बायबलमधल्याच इब्रीकरांस पत्राचं झालंच ना तसं! त्यावर कुणी पौलाचं नाव घातलं, तर तर्तुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने पौलाच्या सोबत्याचं, बर्णबाचं. त्यात पुन्हा नावं कोणती, तर मार्क आणि लूक. येशूच्या बारा शिष्यांपैकी नव्हेत. मार्क तर प्रवासात पंफुल्या प्रांतात पौलाला अर्ध्यावर सोडून घरी गेलेला, ज्याच्यावरून पौल आणि बर्णबाचं वाजलं. वजनासाठी खोटं नाव घालायचं तर बारांतल्या पेत्राचं घालतील, आणि पुढे खरंच पेत्राच्या, थोमाच्या, फिलिपाच्या नावांची पुस्तकं निघालीच.

मी हरखून वहीत लिहीत होते. तुम्ही म्हणालात, "थांबा, उलटतपासणी बाकी आहे." सगळे मथळे एकाच साच्याचे असणं हा पुरावा दुसरीकडेही नेता येतो. चारही पुस्तकं एकत्र बांधणाऱ्या कुणीतरी दुसऱ्या शतकात ही नावं एकदमच घातली असतील. आणि सर्वांत जुन्या तुकड्यांना बहुधा पहिलं पानच उरलेलं नाही. मँचेस्टरला ठेवलेला योहानाचा तो प्रसिद्ध तुकडा तळहाताएवढा. त्यावर मथळा कुठून असणार?

पपियाची गोष्ट सांगताना तुम्ही हसलात, ते अजून डोळ्यांपुढे आहे. हिएरापलीचा हा अध्यक्ष, म्हणजे बिशप, आजच्या तुर्कस्तानातला, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याची पाच पुस्तकं हरवली. उरलेत ते बहुतेक चौथ्या शतकातल्या युसेबियस या मंडळीच्या इतिहासकाराने उतरवून ठेवलेले तुकडे. त्यांत पपिया मंडळीच्या एका वडिलांकडून, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्याकडून, ऐकलेलं सांगतो. मार्क हा पेत्राचा दुभाषा, आठवलं तेवढं त्याने नीट लिहिलं, पण क्रमाने नाही. 'क्रमाने नाही' ही तक्रार कोणी उगाच घालेल का, असं मला वाटलं. आपल्याच साक्षीदाराच्या जबानीत उणं काढणारा माणूस मला भरवशाचा वाटतो. पण हाच पपिया सांगतो की मत्तयाने वचनं इब्री भाषेत जुळवली, आणि आपल्यापुढचा मत्तय ग्रीकमध्ये आहे, त्यात मार्कचा नव्वद टक्क्यांच्या आसपास मजकूर येतो. स्वतः डोळ्यांनी पाहिलेला प्रेषित आपल्याच पाचारणाची हकिकत दुसऱ्याच्या वहीतून का घेईल? शिवाय पपियाचं म्हणणं आपल्यापर्यंत आणणारा युसेबियसच त्याला अल्पबुद्धीचा म्हणतो! असा साक्षीदार कोर्टात उभा करायचा म्हणजे वकिलाची कसोटी.

इरेनियसबद्दल जास्त लिहीत नाही. लियोन शहराचा हा अध्यक्ष साधारण इ.स. १८० साली चौघांची नावं स्पष्ट घेतो. लहानपणी स्मुर्ण्यात त्याने तिथल्या अध्यक्षाला, पॉलिकार्पाला ऐकलं होतं आणि पॉलिकार्पाने योहानाला, असं तो सांगतो. आपल्या माणसांना ही गुरुपरंपरा लगेच पटते. पॉलिकार्पाचं जे एक पत्र उरलंय त्यात योहानाचं नाव नाही, हे तुम्ही मला जाताना चपला घालत असताना सांगितलंत. दारातच का, ते मला माहीत आहे. आधी सांगितलं असतं तर मी आणखी तासभर बसले असते.

लूकच्या बाबतीत माझा व्यवसाय, म्हणजे अण्णांचा, पुन्हा कामी आला. लूकच्याच नावावरच्या 'प्रेषितांची कृत्यं' या पुस्तकात सोळाव्या अध्यायात त्रोवस बंदरात अचानक 'ते'चं 'आम्ही' होतं, जणू लेखकच पौलासोबत निघाला. फिलिप्पैत तो 'आम्ही' थांबतो आणि काही वर्षांनी परत फिलिप्पैपासूनच सुरू होतो. थेस्सलनीकाच्या अधिकाऱ्यांना लेखक 'पोलितार्ख' म्हणतो. जुन्या ग्रीक ग्रंथांत हा शब्द सापडेना, म्हणून लोक शंका घ्यायचे. मग त्याच शहराच्या वार्दार वेशीवरच्या शिलालेखात तो निघाला. तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. करिंथात पौलाला ज्याच्यापुढे उभं केलं तो रोमन अधिकारी गल्लियो डेल्फीच्या शिलालेखात आहे, त्यावरून साल ५१-५२ च्या आसपास बसतं. मी म्हटलं, "झालं तर मग, लूकच!" तुम्ही विचारलंत, "चतुःसीमा बरोबर असली म्हणजे सही खरी ठरते का?"

नाही ठरत. पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचं शेत, हे बरोबर असलं की इतकंच कळतं, लिहिणारा त्या जमिनीवर उभा राहिलाय किंवा राहिलेल्याकडून त्याने नीट विचारून घेतलंय. नाव लूक होतं, हे चतुःसीमा सांगत नाही. ते परंपरा सांगते. दोन्ही एकमेकांना धरून आहेत, एवढं मी म्हणू शकते, आणि मला ते थोडं वाटत नाही.

चौथ्या गुरुवारी तुम्ही मंडळीच्या जुन्या पुढाऱ्यांची ओळख करून दिलीत, आणि माझी खरी भीती तिथे गेली. मला वाटायचं, शंका ही आत्ताच्या मोबाइलवाल्या पोरांची. पण ओरिगेन हा पंडित तिसऱ्या शतकातच म्हणून गेला की इब्रीकरांस पत्र कोणी लिहिलं ते देवच जाणे. त्याच शतकात आलेक्सांद्रियाचा अध्यक्ष दियोनीस भाषा तपासून सांगतो की प्रकटीकरण आणि चौथं शुभवर्तमान, दोन्ही योहानाच्या नावावरची पुस्तकं, एकाच हातची नाहीत. पेत्राच्या दुसऱ्या पत्राबद्दल तर किती जणांना संशय होता. आणि आशिया या रोमन प्रांतातल्या मंडळीचा तो वडील, ज्याने 'पौलाची कृत्यं' हे पुस्तक रचलं! पकडला गेल्यावर म्हणाला, पौलावरच्या प्रेमापोटी केलं. तरी त्याचं पद गेलं. बनावट दस्त चांगल्या हेतूने केला म्हणून पक्का होत नाही, हे त्या मंडळीला कळत होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी वर्गात उभी राहिले. "तू म्हणालास ते अर्धं बरोबर होतं," एवढ्यापासून सुरुवात केली. त्या मुलाने मान वर केली. मी फळ्यावर 'कता' लिहिलं, ग्रीक अक्षरांत, जरा वाकडं. मग पाच पुस्तकं पाच जणांना वाटून दिली आणि सांगितलं, प्रत्येकाचा दस्त वेगळा तपासायचा, सगळ्यांना एकच शिक्का मारायचा नाही. मुलं दीड तास बसली. शेवटी मीच उठवलं, कारण घरी पाहुणे येणार होते.

आता भांडण. पाचव्या गुरुवारचं आपलं अर्धवट राहिलंय, आणि मी ते सोडलेलं नाही. पेत्राचं पहिलं पत्र. तुम्ही म्हणालात, गालीलातल्या कोळ्याला इतकी सफाईदार ग्रीक कुठली येणार? सर, अण्णांच्या टेबलापाशी येणारा शेतकरी "माजी जमीन त्याला दिली, पैशे मिळाले" एवढंच बोलायचा. दस्तात मात्र उतरायचं, 'सदरहू मिळकत कायम खूष खरेदी देऊन कबजा दिला असे'. खाली डावा अंगठा. ती भाषा त्या माणसाच्या सात पिढ्यांत कोणी बोललं नव्हतं, पण व्यवहार त्याचाच होता. पत्राच्या शेवटी सिल्वानाच्या हस्ते लिहिलं असं येतंच की!

तुमचं उत्तर मला माहीत आहे. 'हस्ते' म्हणजे तो पत्र घेऊन जाणारा असेल, लिहिणारा नसेल. आणि मजकूर सगळाच सिल्वानाने जुळवला असेल तर पेत्राचा म्हणायचा तो किती? यावर मी विचार करते आहे. दिवाळीनंतर नाशिकला लेकीकडे येते तेव्हा गुरुवार मोकळा ठेवा. भिंगही माझ्याकडेच राहिलंय, तेव्हा घेऊन येईन.

तुमची,
गुरुवारची विद्यार्थिनी