वेब डिरेक्टरीचा अर्ज माणूस वाचतो

संपादक महोदय,

वेब डिरेक्टरीकडे, म्हणजे विषयवार वर्गांत साइटची यादी ठेवणाऱ्या संकेतस्थळाकडे, साइट पाठवली, महिने उलटले, पण ती यादीत काही दिसत नाही, अशी तक्रार नेहमी कानावर येते. दोष बहुधा अर्जातच असतो. तो सर्च इंजिनला खूश करायला लिहिलेला असतो आणि वाचतो मात्र एक माणूस, म्हणजे डिरेक्टरीचा संपादक, बरेचदा फावल्या वेळात काम करणारा स्वयंसेवक. डीमॉझ ही अशी सर्वांत गाजलेली डिरेक्टरी. ती १९९८ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१७ मध्ये बंद पडली. तिचा वारसा आता कर्ली चालवते.

सर्वांत जास्त घोळ वर्ग निवडण्यात होतो. मधमाशीपालनाची माहिती देणारी साइट सरळ 'व्यवसाय' या सर्वांत वरच्या वर्गात टाकली जाते. का, तर तिथे जास्त लोक येतील! पण संपादकाकडे ठरावीक वर्गच असतात. चुकीच्या जागी आलेली साइट तो दुसऱ्या वर्गाकडे ढकलतो आणि तिथे ती पुन्हा ताटकळते. त्यापेक्षा आपल्यासारख्या चार-पाच साइट कुठे नोंदल्या आहेत ते शोधावे, आपली साइट आधीच तिथे नाही ना हे पाहावे आणि त्याच पानावरून अर्ज भरावा. मधपेट्या विकणारी साइट असेल तर ती खरेदीच्या वर्गात जाईल, माहितीच्या नव्हे. मराठी साइट मराठी विभागातच द्यावी आणि वर्णनही मराठीतच लिहावे.

शीर्षक म्हणजे साइटचे किंवा संस्थेचे नाव, घोषवाक्य नव्हे. वर्णन पंचवीस-तीस शब्दांत आटोपावे. 'सर्वोत्तम', 'नंबर एक', 'आजच भेट द्या', 'आम्ही' हे सगळे गाळावे. 'मधपेट्यांची निगा, राणीमाशीची पैदास, माश्यांचे रोग आणि मध काढण्याच्या पद्धती यांची सचित्र माहिती' एवढे पुरे. जाहिरातबाज मजकूर संपादकाला मुळापासून नव्याने लिहावा लागतो. साहजिकच तो आधी सोपे अर्ज हातावेगळे करतो.

पत्ता मुख्य पानाचा द्यावा, मागे ट्रॅकिंगचे, म्हणजे वाचक कुठून आला ते टिपणारे, शेपूट नको. दुसऱ्या साइटवर उडी मारणारा पत्ता तर नकोच. पाठवण्याआधी लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये साइट उघडून पाहावी. 'काम चालू आहे' असे फलक, रिकामी पाने, तुटलेल्या लिंक, इतरांकडून उचललेला मजकूर किंवा दुसऱ्यांचा माल खपवून कमिशन मिळवण्याच्या नुसत्या लिंक दिसल्या की अर्ज तिथेच संपतो. साइट कोण चालवते हेही तिच्यावर दिसायला हवे.

अर्ज एकदाच करावा. दर आठवड्याला तोच अर्ज पाठवल्याने रांगेत पुढे जाता येत नाही; उलट नवी तारीख पडून मागे जाण्याची शक्यता असते, आणि सततचा मारा स्पॅम ठरतो. 'एका क्लिकवर पाचशे डिरेक्टऱ्या' अशी सॉफ्टवेअर म्हणजे निव्वळ पैशांचा चुराडा, कारण वर्ग निवडणे त्यांना जमतच नाही. शुल्क भरले म्हणजे नोंद पक्की, हाही गैरसमज. याहू डिरेक्टरी व्यावसायिक साइटकडून वर्षाला २९९ डॉलर घेत असे, तेही साइट तपासण्याचे. नाकारली तरी पैसे परत मिळत नसत.

नोंद झाल्यावर साइटचा पत्ता बदलला तर नवा अर्ज करू नये. त्याच वर्गाच्या पानावरून नोंदीत बदल सुचवावा आणि जुना व नवा असे दोन्ही पत्ते द्यावेत.

– एक वाचक