फाटकावर कुणी हटकत नाही

बँकॉक,
जून महिना

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, परवा फोनवर तू जे बोललीस त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही, म्हणून हे पत्र. "तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, आणि आम्ही एवढ्या उंचावर खिडकीला नाक लावून बसायचं. त्यापेक्षा इथेच बरे." खरं सांगू, मागच्या वेळी आठवडाभरच होतात आणि ते सगळे दिवस आम्हीच तुम्हाला फिरवत होतो. त्यामुळे एकट्यानं घराबाहेर पडून दोन तास घालवायचे तर कुठे, हा प्रश्न आलाच नाही. आता तीन महिने राहायचं म्हटल्यावर तो येणारच. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे, आणि ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचं शताब्दी उद्यान. "विद्यापीठाचं" म्हटल्याबरोबर तू म्हणशील, मग रखवालदार ओळखपत्र मागेल, कुणाकडे आलात विचारेल, वहीत नाव लिहायला लावेल. इथे यातलं काहीच होत नाही. प्रवेश फुकट. रस्त्यावरून सरळ आत शिरायचं आणि गवतावर बसायचं. मला पहिल्यांदा हेच खटकलं होतं, इतकी आपल्याला हटकलं जाण्याची सवय आहे.

हे थायलंडमधलं सगळ्यात जुनं विद्यापीठ. २६ मार्च १९१७ ला स्थापन झालं, आणि राजा पाचवा राम म्हणजे चुलालाँगकॉर्न याचं नाव त्याला त्याच्या मुलानं दिलं. विद्यापीठाकडे शहराच्या मध्यावर अफाट जमीन आहे. आई, तू जिथे बॅगा बघत फिरलीस तो सियाम स्क्वेअर आणि त्याच्याजवळचा तो एमबीके मॉल, दोन्ही याच विद्यापीठाच्या जमिनीवर उभे आहेत. म्हणजे प्राध्यापकांचा आणि दुकानदारांचा जमीनमालक एकच. २०१७ मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा या जागेवर आणखी एखादा मॉल बांधला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. शताब्दी म्हटली की एक सभागृह, एक पुतळा आणि कुणी न वाचलेली स्मरणिका एवढं आपल्याला पाठ आहे. यांनी ११ एकर जमीन काढली, आराखड्यासाठी स्पर्धा घेतली आणि बाग करून लोकांना उघडी केली. स्पर्धा जिंकली कोचाकॉर्न वोराखोम या लँडस्केप आर्किटेक्टनं. ती याच विद्यापीठात शिकलेली.

आता बाबा, हा भाग तुमच्यासाठी. मागच्या वेळी टॅक्सी चाकाच्या निम्म्यापर्यंत पाण्यात उभी होती आणि तुम्ही एकच वाक्य तीनदा म्हणालात, "पण हे पाणी जाणार कुठे?" या शहराचं दुखणं नेमकं तेच आहे. चाओ फ्राया नदीच्या गाळावर वसलेलं, समुद्रापेक्षा जेमतेम दीड मीटर उंच. पूर्वी कालवेच कालवे होते. ते बुजवून रस्ते केले. खाली मऊ चिकणमाती, वर इमारतींचं ओझं, आणि कित्येक वर्षं भरमसाट उपसलेलं भूजल, त्यामुळे जमीन वर्षाला एखाद सेंटीमीटर खचत राहते. २०११ च्या पुरात देशभरात आठशेहून जास्त माणसं गेली. कोचाकॉर्नच्या घरच्यांनाही त्या पुराची झळ बसली होती. तिनं बाग आखायला घेतली ती हे सगळं डोक्यात ठेवून, म्हणून तिथे कारंज्याच्या आधी पाण्याची वाट ठरली.

सगळी बाग एका बाजूला कललेली आहे, तीन अंशांनी. उंच टोकाला इमारत आहे, पण ती इमारत वाटत नाही, कारण तिच्या छपरावर माती आणि गवत आहे आणि ते छप्पर उतरत उतरत जमिनीला मिळतं. खालून वर चालत गेलात की आपण छपरावर कधी आलो हे कळत नाही. पाऊस पडला की छपरावरचं पाणी मातीत मुरत खाली येतं. त्यातलं काही छपराखालच्या टाक्यांत साठतं आणि उन्हाळ्यात झाडांना घालतात. उरलेलं हिरवळीवरून आणि दोन्ही कडांना केलेल्या पाणथळ पट्ट्यांतून खाली वाहतं. या पट्ट्यांत पाण्यात वाढणारी झाडं लावली आहेत. गाळ तिथे बसतो, घाण मुळांशी अडते आणि तिथले सूक्ष्मजीव ती पचवतात. सगळ्यात खालच्या टोकाला तळं आहे. जोराचा पाऊस झाला तर ते तळं समोरच्या हिरवळीवर पसरतं, जवळजवळ दुप्पट होतं. तसं व्हावं म्हणूनच ती हिरवळ सखल ठेवली आहे. पाणी चढलं म्हणजे बाग बिघडली, असं इथे नाही.

एका वेळी दहा लाख गॅलन पाणी मावतं, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर. तुम्ही लगेच कागद ओढून घ्याल म्हणून मीच भागाकार करून ठेवला आहे. ११ एकरांवर पसरलं तर ८५ मिलिमीटर पाऊस होतो. एक चांगली झोडपणारी सर बाग स्वतःपुरती पोटात घेऊ शकते, एक थेंब शेजाऱ्याच्या दारात न लोटता. शहर वाचवायला एवढं पुरेल का? अजिबात नाही. एक बाग म्हणजे बँकॉक नव्हे, आणि असं काही छापून आलं तर विश्वास ठेवू नका. पण आजूबाजूचा प्रत्येक मॉल आपल्या छपरावरचं पाणी गटारात सोडून मोकळा होतो. त्यांच्यात एक जमीनमालक आपलं पाणी आपण सांभाळतो, याला काहीतरी किंमत आहेच.

यामागची कल्पना इथल्या लोकांना नवीन नाही. इथले आधीचे राजे भूमिबोल यांनी लहानपणी माकडाला केळी खाताना पाहिलं होतं. माकड केळी भराभर सोलून गालात कोंबतं आणि मग सावकाश चावून गिळतं. पुराचं पाणीही तसंच आधी कुठेतरी साठवा आणि सवडीनं सोडा, असं त्यांनी पुढे सांगितलं आणि १९९५ पासून त्या पद्धतीचे साठे केले गेले. इथे त्यांना "माकडाचे गाल" असंच म्हणतात.

तर हे झालं पाण्याचं. आई, तुझ्या गुडघ्यांचं गणितही यातच आहे. तीन अंश म्हणजे शंभर मीटर चाललं की सव्वापाच मीटर चढ. चाकाच्या खुर्चीसाठी बांधतात तो उतारही साधारण याच्यापेक्षा तीव्र असतो. म्हणजे पायऱ्या न चढता छपरावर पोचशील आणि तिथून सगळं शहर दिसेल. चढताना दम लागला तर गवतावर बसायचं. सगळेच बसतात.

संध्याकाळी तिथे कोण कोण असतं हे मी बारकाईनं पाहिलं आहे, कारण तुम्ही दोघं तिथे कसे दिसाल हे मला ठरवायचं होतं. विद्यार्थी असतातच. काळी पँट नाहीतर स्कर्ट आणि पांढरा शर्ट हा त्यांचा गणवेश, इथे पदवीच्या पोरांनाही तो असतो. पण गंमत त्यांच्या नसण्यात आहे. म्हणजे ते आहेत, पण बाग त्यांची वाटत नाही. जवळच्या जुन्या वस्तीतल्या आज्या येतात, हात मागे बांधून फेऱ्या मारतात आणि एकमेकींशी जोरात बोलतात. ऑफिस सुटलेले लोक बूट काढून नुसते पडलेले असतात. तळ्याच्या काठाला जागच्या जागी चालवायच्या सायकली आहेत. त्यांचे पेडल मारले की पाणी घुसळलं जातं, त्यात हवा मिसळते आणि तळं नासत नाही. म्हणजे व्यायाम आपला, फायदा तळ्याचा. बाबा, तुम्ही त्या सायकलवरून उतरणार नाही असा माझा अंदाज आहे. कडेकडेनं छोट्या छोट्या बसायच्या जागा आखलेल्या आहेत, वाचायला किंवा चारचौघांत गप्पा मारायला. भाषा येत नाही म्हणून अडत नाही. बागेत माणसाला फारसं बोलावं लागत नाही आणि फारसं काही विकतही घ्यावं लागत नाही. या शहरात ही दुसरी गोष्ट किती दुर्मीळ आहे ते इथे राहिल्यावर कळतं. गारव्यात बसायचं तर मॉल, आणि मॉलमध्ये बसायचं तर काहीतरी मागवा.

दुपारी मात्र जाऊ नका. हे मी आधीच बजावते, नाहीतर पहिल्याच दिवशी "कसली गं तुझी बाग, भाजून निघालो" ऐकावं लागेल. मधली हिरवळ उघडी आहे आणि झाडं अजून वयानं लहान. शंभर वर्षांनी वाढलेली झाडं आणि आत्ता लावलेली रोपं यात फरक असणारच, आणि आराखडा पुढच्या शंभर वर्षांच्या हिशेबानं केला आहे. आपल्याला तेवढा वेळ नाही, तेव्हा आपण सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जायचं. सावलीच हवी असेल तर जवळच विद्यापीठाच्या जुन्या आवारात रेन ट्री आहेत, तेच आपले विलायती शिरीष. ते विद्यापीठाचं मानाचं झाड. राजा भूमिबोल यांनी १९६२ साली स्वतः पाच रोपं आणून तिथे लावली. गुलाबी झुपकेदार फुलं येतात, आणि अंधार पडायला लागला की पानं मिटतात. विद्यापीठाचा रंगही गुलाबी, कारण चुलालाँगकॉर्न राजाचा जन्म मंगळवारचा आणि इथे मंगळवारचा रंग गुलाबी. आई, वारांचे रंग तुला दोन दिवसांत पाठ होतील.

इतकं कौतुक केल्यावर एक कडू गोष्टही सांगते, कारण इथे राहणाऱ्या माणसाला ती दिसतेच. ज्या भागात ही बाग आहे तो सुआन लुआंग आणि साम यान परिसर पूर्वी बैठ्या दुकानघरांचा होता. खाली धंदा, वर बिऱ्हाड. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार होता. भाडेकरार संपत गेले तशी ती वस्ती उठत गेली आणि उंच इमारती आल्या. तिथेच समुद्रदेवीचं एक जुनं चिनी देऊळ आहे, चाओ मे थापथिम. विद्यापीठानं ते हलवायला सांगितलं तेव्हा २०२० पासून वाद पेटला, आणि देवळाची देखभाल करणाऱ्या कुटुंबाच्या बाजूनं उभे राहिले ते याच विद्यापीठाचे विद्यार्थी. तुमचे जावई म्हणतात, एका हातानं बाग दिली म्हणून दुसऱ्या हाताचा हिशेब विचारायचा नाही का? विचारावा. मला एवढंच वाटतं की बाग हा त्या हिशेबातला जमेचा रकाना आहे आणि तो खोटा नाही. ज्या आज्या तिथे फेऱ्या मारतात त्यांतल्या काहींची दुकानं गेलीही असतील. मी विचारलेलं नाही. माझी थाई अजून भाजीवाल्यांपुरतीच आहे.

लुंपिनी बागेचं नाव काढू नकोस म्हणशील, आई, हे मला ठाऊक आहे. त्या तळ्यातून वर आलेली घोरपडीसारखी चीज तू विसरलेली नाहीस. ती तिथे अजून आहे, तिचं खानदानही आहे, आणि ती कुणाला काही करत नाही. लुंपिनी मोठी, जुनी, झाडांनी भरलेली, आणि ती राजानं आपल्या जमिनीतून दिलेली. बेंजाकिती बागेतलं नवं रान २०२२ मध्ये उघडलं, ते तंबाखूच्या कारखान्याच्या जागेवर. म्हणजे इथे बाग व्हायची तर आधी कुणाच्यातरी हातात मोठा तुकडा असावा लागतो आणि त्यानं तो सोडावा लागतो. राजानं सोडला, सरकारनं सोडला, आणि विद्यापीठानंही सोडला. या तिसऱ्याचंच मला विशेष वाटतं, कारण शिकवणाऱ्या संस्थेनं भिंतीबाहेरच्या माणसाला आपलं म्हटल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

बाबा, तुमच्यासाठी आणखी एक ठिकाण राखून ठेवलं आहे. शहराच्या उत्तरेला रांगसितमध्ये थम्मसात विद्यापीठ आहे. कोचाकॉर्ननंच तिथल्या इमारतीच्या छपरावर पायऱ्यापायऱ्यांची शेती केली, २२,००० चौरस मीटर छप्पर, २०१९ मध्ये झालं. वर भात लावतात. पाणी एका पायरीवरून दुसरीवर उतरत जातं. लांब आहे, पण एका शनिवारी आपण जाऊ.

एक सूचना. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं. लुंपिनीत तर धावणारेसुद्धा जागच्या जागी थांबतात. बाबा, फोनवर असाल तर बोलणं थांबवा आणि उभे राहा, एक मिनिटाचा प्रश्न आहे.

आता कधी यायचं ते ठरवा. नोव्हेंबरात पाऊस ओसरलेला असतो, हवा बरी असते, आईच्या दृष्टीनं तोच महिना. पण तळं हिरवळीवर चढलेलं बघायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरातच यायला हवं, आणि बाबा काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. तुमच्यात काय ठरेल ते आठवड्याभरात कळवा, म्हणजे मला रजेचा अर्ज टाकता येईल.

तुमची,
धाकटी

ता. क. : गुडघ्याचा नवा एक्स-रे काढला असेल तर त्याचा फोटो पाठवा. आणि आई, नवे बूट इथे येऊन घेऊ म्हणू नकोस, तिकडेच घे आणि महिनाभर घालून मोकळे करून आण.