बाबा, घरी आल्यावर ध्यान टिकत नाही म्हणालात ना, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले की इगतपुरीच्या विपश्यना शिबिराहून आल्यावर पंधरा-वीस दिवस छान गेले, राग नाही, चिडचिड नाही, आणि मग हळूहळू सगळं पहिल्यासारखं झालं, उठल्या उठल्या व्हॉट्सॲप, सोसायटीच्या पार्किंगची भांडणं, रात्री टीव्हीवरच्या चर्चा, आणि आता तासभर डोळे मिटून बसलं तरी डोक्यात तेच चालू असतं. मग विचारलंत की तुझ्या त्या झेनवाल्यांकडे, म्हणजे ध्यानावर भर देणाऱ्या त्या बौद्ध पंथाकडे, यावर काही आहे का. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, रेंज पण जात होती, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. आई तू पण वाच, यातला अर्धा भाग स्वयंपाकघराचाच आहे आणि त्यात तुझ्या बाजूने पण थोडं बोलायचंय मला.

आधी मी कुठे जाते ते सांगते म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. इथे जपानात, योकोहामातल्या त्सुरुमी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत सोजीजी नावाचा प्रचंड मोठा मठ आहे, जपानमधल्या सोतो झेनची (झेनची एक शाखा) जी दोन मुख्य पीठं आहेत त्यातलं हे एक, दुसरं फुकुईच्या डोंगरात एईहेजी. सोजीजी मुळात नोतो द्वीपकल्पावर होतं, 1898 साली आगीत बरंच जळालं आणि 1911 मध्ये इकडे योकोहामाला आणलं. आत गेलं की एक लांबलचक लाकडी कॉरिडॉर आहे, तरुण साधू पहाटे अनवाणी, ओणवे होऊन, ओल्या फडक्याने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत पळत पुसतात, डिसेंबरच्या थंडीत सुद्धा, आणि ते लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की खिडकीतला उजेड त्यात दिसतो. इथे बाहेरच्या लोकांसाठी पण झाझेनला, म्हणजे झेनच्या बैठ्या ध्यानाला, बसायची सोय असते, मी तिथेच जाते.

बसण्याची पद्धत तुमच्या विपश्यनेपेक्षा बरीच वेगळी आहे. तुमच्याकडे पहिले तीन दिवस नाकापाशी श्वास आणि मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं, डोळे मिटून. इथे डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवायचे, नजर खाली साधारण मीटरभर पुढे, आणि समोर भिंत. झाफू नावाची गोल जाड उशी बुडाखाली घ्यायची म्हणजे कंबर वर येते आणि दोन्ही गुडघे खाली जमिनीला टेकतात. उजव्या तळव्यावर डावा तळवा आणि दोन्ही अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली. हे अंगठ्यांचं मला फार आवडतं, कारण मन कुठे भरकटलं की अंगठे आपोआप गळून खाली येतात आणि ताण आला की टोकदार होऊन वर चढतात, कोणी सांगायला लागत नाही. घंटा तीनदा वाजली की सुरू, एकदा वाजली की संपलं. एक बैठक म्हणजे एक उदबत्ती जळेपर्यंतचा वेळ, साधारण 40 मिनिटं. मधे उठून सावकाश चालायचं, एका श्वासाला अर्धं पाऊल. आणि आई, ती लाकडी पट्टी, क्योसाकु, तू विचारलं होतंस मारतात का म्हणून, तर पेंग यायला लागली की आपणच हात जोडून मागायची असते, खांद्यावर बसते, आवाज मोठा येतो पण लागत नाही फारसं, उलट जाग येते छान.

बसल्यावर करायचं काय तर खरं सांगायचं तर काही नाही. विचार आला तर येऊ द्यायचा, त्याच्या मागे जायचं नाही, परत पाठीच्या कण्याकडे आणि श्वासाकडे यायचं. कोदो सावाकी नावाचे एक झेन गुरू होऊन गेले, 1880 ते 1965, आयुष्यभर गावोगाव फिरत लोकांना बसायला शिकवायचे, त्यांना कोणी विचारलं की झाझेन करून काय मिळतं तर ते सरळ सांगायचे की काहीच मिळत नाही. इथल्या कंपन्या नव्या पोरांना ट्रेनिंग म्हणून मठात झाझेनला पाठवतात, फोकस वाढेल, स्ट्रेस कमी होईल, काम जास्त होईल असं डोक्यात ठेवून, आणि मला ते पटत नाही. कारण शांतता कमवायला बसलं की उठल्यावर ती टिकली का, किती उरली, हाच हिशोब सुरू होतो, आणि बाबा मला वाटतं तुमचं नेमकं तेच होतंय. इगतपुरीहून मिळालेली शांतता तुम्ही एफडीसारखी जपताय आणि रोज थोडी मोडली जाते म्हणून वाईट वाटून घेताय.

आता जे मला खरं सांगायचंय ते. सोतो झेन जपानात आणलं दोगेन यांनी, जन्म 1200 चा. तेविशीत, 1223 ला, खरा धर्म शोधायला जहाजाने चीनला गेले. जहाज बंदराला लागलेलं, ते अजून जहाजावरच होते, तेव्हा एक साठी ओलांडलेला साधू जपानी शिताके अळंबी विकत घ्यायला आला. तो एका मठाचा आचारी होता, मैलोन् मैल चालत आलेला, दुसऱ्या दिवशी सण होता आणि सगळ्या साधूंना काहीतरी चांगलं करून घालायचं होतं. दोगेनना फार आनंद झाला, म्हणाले आज रात्री राहा ना, बोलू. तो म्हणाला नाही, मी गेलो नाही तर उद्याचं जेवण बिघडेल. दोगेन म्हणाले अहो एवढ्या मोठ्या मठात तुमच्याशिवाय स्वयंपाक करणारं कोणी नाही का, आणि या वयात ध्यान करायचं, ग्रंथ वाचायचे सोडून हे कष्टाचं काम कशाला. म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला परदेशी मित्रा, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलं नाहीये.

पुढे ते दुसऱ्या मठात राहिले तिथे असाच आणखी एक आचारी. भर दुपारी, ऊन डोक्यावर, टोपी नाही, हातात काठी, पाठ वाकलेली, भुवया पांढऱ्याशुभ्र, आणि तापलेल्या फरशीवर अळंबी वाळत घालतोय, घामाच्या धारा चाललेल्या. वय विचारलं तर 68. दोगेन म्हणाले मदतनिसांना का नाही सांगत, तर तो म्हणाला दुसरे म्हणजे मी नव्हे. बरं पण एवढ्या उन्हात कशाला, तर म्हणाला मग कुठल्या वेळेची वाट बघू?

हा प्रसंग वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. उन्हातच वाळवणार ना अळंबी, आपल्याकडे कुरडया-पापड पण उन्हातच घालतात, आणि ते कोणीतरी करायचं तर मीच का नाही आणि आत्ताच का नाही, एवढंच तो म्हणतोय. दोगेन 1227 ला परत आले आणि 1237 साली त्यांनी मठातल्या आचाऱ्यांसाठी एक छोटं पुस्तकच लिहिलं, तांदूळ निवडताना खडे बघा आणि खडे काढताना तांदूळ बघा, दाणा वाया जाऊ देऊ नका, भाजी साधी म्हणून हात आखडू नका आणि भारी सामान आलं म्हणून हुरळून जाऊ नका. तोंड कसं धुवायचं, दात घासायची काडी कशी चावायची यावर पण त्यांनी लिहिलंय, ते वाचताना मला आजीची कडुलिंबाची काडी आठवली. आजही सोतो मठात तीन ठिकाणी बोलायला पूर्ण बंदी असते, ध्यानाची खोली, न्हाणीघर आणि संडास. या तिन्ही जागा एका पंक्तीत. मी हे ऐकलं त्या दिवसापासून संडासात फोन न्यायचा बंद केला, आणि बाबा, हे तुम्हाला पण सांगतेय कारण आई माझ्याकडे तक्रार करते की पेपर गेला आणि मोबाईल आला पण वेळ तेवढाच लागतो!

जेवणाचं पण बघा. मठात जेवण झालं की लोणच्याचा शेवटचा तुकडा ठेवून त्याने वाडगा पुसून घ्यायचा, गरम पाणी घालायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आपले आजोबा ताट धुऊन प्यायचे आणि आम्ही पोरं तोंडं वाकडी करायचो. त्यांना झेन माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती.

माझं रोजचं विचाराल तर फार मोठं काही नाही. सकाळी वीस मिनिटं बसते, ब्लँकेटची घडी घालून, बाल्कनीच्या दारासमोर. मग डबा करते, आणि तांदूळ धुताना फक्त तांदूळ धुते, यूट्यूब लावत नाही, पॉडकास्ट नाही, हे ऐकायला सोपं आहे पण हात आपोआप फोनकडे जातो, तेव्हा त्या ओल्या हातांकडे बघते, पाणी दुधासारखं पांढरं होतं मग हळूहळू नितळ होतं, तेवढ्यात डोक्यात मॅनेजर येतो, पैसे येतात, तुमची आठवण येते, परत तांदूळ. मग त्सुरुमीहून ट्रेन. गर्दी मुंबईच्या लोकलची आठवण यावी इतकी पण आवाज शून्य, प्रत्येकजण मोबाईलमध्ये. मी कावासाकी ते कामाता फोन बॅगेतच ठेवते, एवढ्यापुरतंच, दोन्ही तळपाय जमिनीवर कसे टेकलेत, वळणावर वजन कुठल्या पायावर जातं ते बघते. पूर्ण प्रवास करायचं ठरवलं असतं तर आठवड्यात बंद पडलं असतं. ऑफिसात चॅटवर कोणी वाकडं लिहिलं की उत्तर टाइप करायच्या आधी एक श्वास पूर्ण बाहेर सोडते. तिक न्यात हान्ह म्हणून व्हिएतनामचे झेन गुरू होते, 2022 ला गेले, त्यांच्या फ्रान्समधल्या मठात फोन वाजला की सगळे हातातलं काम थांबवतात आणि श्वास घेतात, मग फोन उचलतात. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपला हे लागू करून बघा बाबा, टिंग वाजलं की आधी तीन श्वास आणि मग बघायचं की सेक्रेटरी काय म्हणतोय. राग येईलच, येऊ दे, पण उत्तर त्यानंतर द्या.

आणि आता आईच्या बाजूचं. इथे लोक पटकन म्हणतात की स्वयंपाक हीच साधना, भांडी घासणं हेच ध्यान, आणि आपल्याकडे तर सावता महाराजांचा मळा, गोरोबांची चिखलमाती सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण मठात आचारी हे सहा मोठ्या पदांपैकी एक पद आहे, कोणालाही देत नाहीत, वर्षानुवर्षं बसलेल्या, मुरलेल्या साधूला देतात, आणि तो जे करतो त्याला बाकीचे हात जोडून मगच खातात. आपल्या घरी चाळीस वर्षं आई ओट्याशी उभी आहे आणि ते पद कोणी तिला दिलं नाही, मानही दिला नाही, नुसतं अंगावर पडलं. त्यामुळे तिला जाऊन कोणी सांगायला नको की अगं तू करतेस तेच झेन आहे. हे वाक्य मला ऐकायला सुद्धा आवडत नाही. मन लावून काम करायला सांगायचंच असेल तर ज्याने ते काम कधी हातात घेतलं नाही त्याला सांगावं.

म्हणून बाबा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की बसायचा वेळ वाढवू नका, कमी करा हवं तर, तासाऐवजी वीस मिनिटं, विपश्यनाच करा, ती तुम्हाला जमलीये, पद्धत बदलायची काही गरज नाही. आणि घरातलं एक काम कायमचं स्वतःकडे घ्या. मला विचाराल तर तांदूळ आणि डाळी निवडणं आणि रात्रीची भांडी. रोज, पाहुणे असोत नसोत, मॅच असो नसो. टीव्ही बंद करून, सूप किंवा ताट घेऊन, चष्मा लावून. आईने मधे येऊन असं नाही असं करा म्हणायचं नाही (आई, हे तुला!), खडा राहिला तर राहिला, दाताखाली येईल तेव्हा कळेल. कामवाल्या मावशींना देऊ का असं मनात येईल, तेव्हा ते उन्हातले 68 वर्षांचे आजोबा आठवा, तुमच्याच वयाचे आहेत.

गुडघ्यांचं म्हणाल तर खाली बसायचा हट्ट नको. इथल्या मठांमध्ये खुर्चीवरचं झाझेन पण असतं. जेवणाच्या टेबलाची ती लाकडी खुर्ची घ्या, पाठ टेकवायची नाही, पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत, नसतील टेकत तर खाली पाट ठेवा. हात मांडीवर, अंगठ्यांचं वर लिहिलंय तसं. खाली बसणारच असाल तर आजीची जुनी लोड-तक्क्याची उशी दुमडून बुडाखाली घ्या, पातळ आसनाने काही होत नाही, कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली पाहिजे.

परवा 8 डिसेंबर झाला, इकडे बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीचा दिवस तोच मानतात, वैशाखात नाही. मठांमधून 1 तारखेपासून आठवडाभर दिवसरात्र बसणं चालू असतं, मला सुट्टी नव्हती त्यामुळे मी फक्त एका संध्याकाळी जाऊन बसले. थंडी चांगलीच पडलीये, हीटर लावून झोपते, काळजी नको. मेतकूट संपत आलंय, कोणी येत असेल इकडे तर पाठव आई, आणि गोडा मसाला पण. दादा-वहिनीला आणि पिल्लूला आठवण सांगा. रविवारी तुमच्या दुपारी फोन करते, आणि बाबा, तांदळाचं काय झालं ते विचारणार आहे.

तुमची लेक