सुवर्णास, बाळाच्या बोटांविषयी

परळ, मुंबई

प्रिय सुवर्णा,

पत्र आणि बाळाच्या हाताचे फोटो मिळाले. आधी सासूबाईंच्या बोलण्याचं. तू ग्रहणात भाजी चिरलीस की नाही, याचा बाळाच्या जुळलेल्या बोटांशी काडीचाही संबंध नाही. पोटात पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यात मधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. याच्या मधल्या बोटात आणि अनामिकेत ते झालं नाही. साधारण 2000 ते 2500 बाळांत एकाला असं होतं, आणि बहुतेकदा याच दोन बोटांत. हे सासूबाईंना वाचून दाखव, माझं नाव सांगून.

आता ऑपरेशन. लहान मुलांचे हात हेच माझं रोजचं काम, म्हणून स्पष्ट लिहिते. नुसती कातडी जुळली असेल तर हात खरंच छान होतो. मुलं पेन्सिल धरतात, शर्टाची बटणं लावतात. हाडंही जुळलेली असतील तर बोट थोडं ताठ किंवा वाकडं राहू शकतं, नखही बिघडतं. म्हणून आधी एक्स-रे.

भावोजी म्हणतात, सहाव्या महिन्यातच उरकून टाकू. ती घाई अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी जुळलेली असेल तर करतात, कारण लांबी कमी-जास्त असल्यामुळे मोठं बोट वाकत जातं. आपल्या बाळाला 12 ते 18 महिन्यांचा होऊ दे. भूलही तेव्हा जास्त सुरक्षित.

चीर नागमोडी घेतात, कारण सरळ व्रण आखडून बोट ओढून धरतो. सुट्या बोटांना कातडी कमी पडते, ती बहुधा जांघेतून घेतात. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत असेल, बघून घाबरू नकोस. छोटं घातलं तर पठ्ठ्या ओढून काढेल.

माझा जीव तुटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. जखम भरली की लोक यायचे थांबतात. हात वाढत राहतो, व्रण तेवढा वाढत नाही, आणि बोटांमधली बेचकी हळूहळू पुढे सरकते. एक मुलगी थेट चौथीत असताना आली, बेचकी पार वर चढलेली. तिच्या आईला वाटत होतं, ऑपरेशन फसलं. तसं नव्हतं, काही मुलांना वाढीच्या वयात दुसरं ऑपरेशन लागतंच. पण मधे कुणी पाहिलं असतं तर त्या पोरीचं बोट इतकं आखडलं नसतं. म्हणून व्रणाला रोज मालिश, सांगतील तेवढे दिवस रात्रीचा स्प्लिंट (बोटं सरळ धरणारा आधार), आणि उंची वाढायची थांबेपर्यंत दरवर्षी हात दाखवायचा. हे मला आत्ताच कबूल कर.

घराण्यात कुणाची हाताची किंवा पायाची बोटं जुळलेली होती का, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेव. डॉक्टर विचारतील. छाती दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, तेही बघतील, कारण कधीकधी जुळलेल्या बोटांबरोबर छातीचा एका बाजूचा स्नायूही कमी वाढलेला असतो.

वाडिया आणि केईएम ही दोन्ही हॉस्पिटलं माझ्या घरापासून चालत जाण्यासारखी. उतरायचं माझ्याकडेच. तारीख शक्यतो थंडीतली घेऊ, मेच्या घामात प्लास्टर बाळाला सोसणार नाही. येण्याआधी एक्स-रेचा फोटो पाठव.

तुझी,
मीना