मानेवरचा काळपटपणा मळ नव्हे

महोदय,

अमेरिका-इंग्लंडमधल्या आपल्या माणसांकडे गोरेपणाची क्रीम आजही सुटकेसमधून जाते. ती भरून देणारे बहुधा इथलेच नातेवाईक असतात, म्हणून हे पत्र इथल्या वाचकांसाठी.

मानेमागे आणि काखेत त्वचा काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागू लागते. घरचे म्हणतात, नीट घासत नाहीस. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तातले इन्सुलिन वाढते आणि बहुतेकदा त्यामुळेच ही खूण उमटते. गरज असते एचबीए1सी या, गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा सांगणाऱ्या चाचणीची (5.7 टक्क्यांपासून पूर्वमधुमेह, 6.5 टक्क्यांपासून मधुमेह), आणि चोळले जाते क्रीम! तिकडे डॉक्टरांचीही नजर चुकते, कारण माणूस जाड दिसत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या तपासणीसाठी बीएमआयची (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) मर्यादा एरवी 25, पण आशियाई वंशीयांसाठी 23 आहे. 165 सेंमी उंचीला हे जेमतेम 63 किलो. डॉक्टर बोलले नाहीत तर रुग्णानेच हा आकडा काढावा.

क्रीममध्ये पारा असेल तर दुखणे मूत्रपिंडावर जाते: लघवीला फेस, पावलांवर सूज. डबीवर 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरस क्लोराइड' लिहिलेले असेल तर तो पाराच. घटकांची यादीच छापलेली नसेल तर ती डबी उघडूही नये. तपासणीतही एक गफलत होते. रक्तातला पारा मासे खाल्ल्यानेही वाढतो, क्रीममधला शोधायचा तर लघवी तपासावी लागते. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांतून तो तान्ह्या मुलांपर्यंत पोचतो, त्यामुळे एकट्या वापरणाऱ्याची तपासणी पुरत नाही. डबी कचऱ्यात टाकू नये, झिपच्या पिशवीत बंद करून ठेवावी आणि विल्हेवाट कशी लावायची ते तिथल्या आरोग्य विभागाला विचारावे.

काही क्रीममध्ये क्लोबेटासोलसारखे जहाल स्टिरॉइड असते. ते महिनोन्महिने लावून एकदम सोडले तर चेहरा लालबुंद होऊन आग होते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उचलतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावे.

अडचण अशी, की "कोणती औषधे घेता?" या प्रश्नाला क्रीमचे नाव कोणीच सांगत नाही. ते औषध वाटत नाही, शिवाय लाजही वाटते. डॉक्टरांनी "चेहऱ्याला काय लावता?" असे वेगळे विचारावे, आणि रुग्णाने ट्यूबच सोबत न्यावी.

आपला,
एक वाचक